शेरा : मागणी नाही

पुस्तक जिवंत आहे की मेलं, हे ओळखण्याची आमच्या धंद्यातली रीत अगदी सोपी आहे. पुस्तकाच्या शेवटी एक कागदी पट्टी चिकटवलेली असते. पुस्तक वाचकाला घरी दिलं की तिच्यावर परतीच्या तारखेचा शिक्का मारायचा. पट्टी शिक्क्यांनी भरली तर पुस्तक जिवंत. पट्टी कोरी राहिली तर त्याचे दिवस भरले. नाडी बघायची नाही, छातीला कान लावायचा नाही, आणि मुख्य म्हणजे पुस्तक वाचायचं तर मुळीच नाही. लोकांचा समज असतो की ग्रंथपाल दिवसभर वाचत बसतो. मी धुळ्यात, देवपुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात चौतीस वर्षं काढली. त्यात वाळवीची औषधं, गळकं छप्पर, पंख्याखालच्या खुर्चीवरून होणारी भांडणं आणि सरकारी तपासणी यांतून जो वेळ उरला, त्यात मी जेवलो.

माझं अक्षर मात्र फार सुंदर. हे मी सांगत नाही, तपासणीला येणारे साहेब सांगायचे. माझी दाखल नोंदवही त्यांनी दुसऱ्या वाचनालयांना नमुना म्हणून दाखवायला नेली होती. त्या सुंदर अक्षरात मी एकदा दोन शब्द लिहिले आणि ते मला फार महाग पडले, त्याची ही हकिगत आहे.

आधी आमच्याकडच्या वाचकांविषयी थोडं सांगायला हवं. वाचकांत मला सगळ्यांत जास्त राग कुणाचा यायचा, तर तेच पुस्तक पुन्हा पुन्हा नेणाऱ्यांचा. पुस्तकं फाडणारे परवडले, त्यांना निदान पुढे काय आहे याची घाई असते. देवपुरातले एक नाना होते. धोतर, काळी टोपी, हातात कापडी पिशवी. मुलांसाठी लिहिलेलं एक जंगलातल्या साहसाचं पुस्तक ते आलटून पालटून नेत. म्हणजे एकदा ते पुस्तक, मध्ये मला बरं वाटावं म्हणून दुसरं एखादं, मग पुन्हा तेच. एक दिवस मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नाना, आता वयाला शोभेल असं काहीतरी न्या. हे तर तुम्हाला पाठ झालं असेल."

नाना जराही रागावले नाहीत. म्हणाले, "भाऊ, मना घरमा उद्या काय व्हई, माले माहीत नही. ह्या पुस्तकमा काय व्हई, ते बठ्ठं माहीत शे. तेवढंच बरं वाटस."

त्यांच्या मुलाचं कोर्टात काहीतरी चाललं होतं हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. मलाही होतं. तरी मी त्यांना एका थोर पुरुषाचं सहाशे पानी चरित्र देऊन पाठवलं. त्यांनी ते न उघडता परत आणलं असावं, कारण मधली पानं एकमेकांना तशीच चिकटलेली होती.

दुसरे एक पोलीस जमादार. गणपतीच्या बंदोबस्तातून सुटका झाली की गणवेशातच यायचे आणि बालविभागातल्या लाल रंगाच्या चिमुकल्या खुर्चीत बसून चित्रांच्या गोष्टी वाचायचे. गुडघे पार कानाशी. पुस्तक घरी नेत नसत. एकदा मी जाऊन सांगितलं, "साहेब, हा विभाग मुलांचा आहे." तो एवढा सहा फुटी माणूस ताडकन उभा राहिला, खुर्ची त्याच्याबरोबरच वर आली, आणि ती सोडवता सोडवता तो मला 'सॉरी सर' म्हणाला. पुन्हा काही आला नाही. मी हा किस्सा पुढे कितीतरी वर्षं हसून सांगत असे. आता सांगताना हसू येत नाही.

तर आता त्या दोन शब्दांकडे येतो. वाचनालयात जागा मोजकी आणि पुस्तकं वाढती, म्हणून अधूनमधून जुनी पुस्तकं नोंदीतून काढून टाकावी लागतात. याला निर्लेखन म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम घरातली अडगळ काढण्याचं. एक यादी करायची, प्रत्येक पुस्तकापुढे शेरा लिहायचा : 'फाटले', 'वाळवी', 'गहाळ', 'मागणी नाही'. मग कार्यकारिणीची मंजुरी घ्यायची आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर जांभळ्या शाईत 'बाद' असा शिक्का मारायचा.

मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी कार्यकारिणीने ठरवलं की स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका काढायची. मागणी खरीच होती, मुलं जिन्यात बसून अभ्यास करत. जागा हवी म्हणून बालविभागाची चार कपाटं रिकामी करायचं ठरलं. मी तीन दिवसांत यादी केली. पट्टी बघायची, कोरी असली की 'मागणी नाही'. काय वेग होता माझा! एकाही पुस्तकाचं पान मी उलटलं नाही, सरळ शेवटची पट्टी. सभेत अध्यक्षांनी माझं अभिनंदन केलं आणि मी ते मान खाली घालून, म्हणजे नम्रपणे, स्वीकारलं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी माझ्या बायकोच्या, शालिनीच्या, छातीत गाठ निघाली. तपासण्या झाल्या, जळगावच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. पंधरा दिवसांनंतरचा मंगळवार. आमची मुलगी मनीषा जळगावात मेहरूणला राहते, म्हणून आम्ही आधीच तिच्याकडे जाऊन राहिलो. गॅलरीतून तलाव दिसायचा. शालिनी तिथे खुर्ची टाकून बसायची, पण तलावाकडे बघायची नाही. जेवण दोन घासांवर आलं होतं. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. ती नुसती गप्प होती.

मी काय केलं? जे येत होतं ते केलं. सगळे रिपोर्ट तारखेवार लावले, त्यांना क्रमांक दिले, विषयवार सूची केली. डॉक्टरसुद्धा म्हणाले, "काका, फाइल फार छान आहे." मग मी शालिनीसाठी पुस्तकं आणायला लागलो. आजारावर मात केलेल्यांची आत्मकथनं, मनोबल वाढवणारी, श्वासोच्छ्वासावरची. रोज एक नवं. चौथ्या दिवशी तिने ती चळत माझ्याकडे सरकवली.

"अहो, यातली सगळी माणसं फार शूर आहेत," ती म्हणाली. "मला वाचूनच थकवा येतो."

"मग काय आणू?"

तिने चळतीवरचं वरचं पुस्तक पालथं घातलं. मग लाजल्यासारखं म्हणाली, "तुमच्या वाचनालयात 'गोदीचं शिंगरू' आहे ना? लहान मुलांचं. निळ्या पुठ्ठ्याचं. तेवढं आणून द्याल का? मी चौथीत असताना बाईंनी वर्गात वाचलं होतं."

आजारी बायकोने इतक्या दिवसांत मागितलेली ही पहिली गोष्ट. मी छाती पुढे काढून म्हणालो, "त्यात काय मोठंसं? उद्या आणतो." पुस्तकांच्या बाबतीत तरी या घरात माझा शब्द चालतो, असं माझं मत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने धुळ्याला गेलो. माझ्या जागी आता प्राजक्ता नावाची हुशार मुलगी आहे. तिने संगणकावर पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि माझ्याकडे बघायचं टाळत म्हणाली, "सर, ते निर्लेखित झालंय."

"कुणी केलं?" मी आवाज चढवून विचारलं.

तिने यादी काढून समोर ठेवली. पान पाचवं. 'गोदीचं शिंगरू', स्थिती बरी, शेरा : मागणी नाही. अक्षर अतिशय सुंदर होतं. खाली माझी सही, तिच्याखाली दोन रेघा. त्या दोन रेघा मी उगाच मारत असे, रुबाब म्हणून.

गावातली दुकानं पालथी घातली, जळगावातलीही. प्रकाशन संस्थाच बंद पडली होती. एका दुकानदाराने मला घोड्यांची चित्रं रंगवायची वही दाखवली. घरी जाऊन मी शालिनीला सांगितलं की पुस्तक वाचकाकडे गेलंय, येईल परत. आयुष्यभर मी हे वाक्य वाचकांना सांगत आलो आहे, त्यामुळे ते तोंडातून फार सफाईने निघालं.

"कोण वाचतंय?" तिने विचारलं. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थोडी उत्सुकता दिसली. मी बाथरूममध्ये निघून गेलो.

सुटका प्राजक्ताने केली. बाद पुस्तकं सहसा रद्दीत जातात, पण त्या वर्षीची साक्री तालुक्यातल्या एका शाळेने मागून नेली होती. फोनवर तिने सांगितलं, "सर, देणगीपत्रावर तुमचीच सही आहे." मला आठवत नव्हतं. चांगलं कामसुद्धा मी न बघता केलं होतं.

शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून आदल्या रात्री धुळ्यात राहून शनिवारी पहाटे निघालो. ऑपरेशनला तीन दिवस होते. साक्रीहून पुढे जीपने, डोंगराच्या अंगाला एक गाव, दोन खोल्यांची शाळा. तिथले दिलीप सर चांगला माणूस. मी कोण, कशासाठी आलो, सगळं सांगितलं. त्यांनी कपाट उघडलं. माझी बाद पुस्तकं ओळीने उभी होती, नवे पुठ्ठे चढवलेली. हवं होतं ते मात्र नव्हतं.

"ते कधी कपाटात नसतंच, सर," ते म्हणाले. "रोशनीकडे असेल. मुलांनी नंबर लावलेत." त्यांनी भिंतीवरचा कागद दाखवला. वर पुस्तकाचं नाव, खाली अकरा नावं.

मुलं भोवती जमली होती. मी म्हणालो, "बाळांनो, मी मोठ्या वाचनालयाचा ग्रंथपाल आहे. मला ते पुस्तक दोन दिवस हवंय."

एका चुणचुणीत मुलाने लगेच पेन्सिल काढली. "मंग नाव सांगा, आजोबा. तुमना नंबर बारावा."

ज्या पुस्तकाला मागणी नाही असं मी लिहून दिलं होतं, त्याच्या रांगेत मी बारावा होतो. मी मुकाट्याने नाव सांगितलं.

दिलीप सर ओशाळले. त्यांनी रोशनीला बोलावलं. चौथीतली मुलगी, दोन वेण्या, पुस्तक पाठीमागे धरलेलं. सरांनी तिला समजावलं की आजोबांच्या घरी आजी आजारी आहेत, त्यांना वाचायला हवंय.

"काय व्हयनं आजीले?" तिने मला विचारलं.

"ऑपरेशन आहे. मंगळवारी."

तिने विचार केला. मग पुस्तक पुढे केलं. "लई जा. पन शिंगरू सापडनं का नही, तेवढं सांगी द्या माले."

पुस्तकाचा दाखल क्रमांक मी सांगू शकलो असतो, वर्गांक सांगू शकलो असतो, पुठ्ठा कुठल्या बायंडरने बांधला तेही. शिंगरू सापडलं की नाही हे मला माहीत नव्हतं.

"तुमी वाचं नही का?" रोशनी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं, आणि तेच जास्त लागलं.

मग आम्ही दोघं शाळेच्या पायरीवर बसलो आणि उरलेलं पुस्तक मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. हळूहळू बाकीचे अकरा जणही येऊन बसले, रांगेचा नियम मोडून. गोष्ट साधी आहे. गोदीचं शिंगरू आठवड्याच्या बाजारात हरवतं. ती ज्याला ज्याला विचारते तो हातातलं काम टाकून तिच्याबरोबर निघतो. बांगड्यावाली निघते, दोरखंडवाला निघतो, मिरचीवाला तराजू तसाच सोडून निघतो. अख्ख्या पुस्तकात वाईट माणूस नाही. आम्हा जाणकारांच्या भाषेत सांगायचं तर संघर्ष कमी आहे. शेवटी गोदी रिकामा दोर हातात घेऊन रडत घरी येते, तेव्हा रोशनीने माझी बाही घट्ट धरली. मी चष्मा पुसायचं सोंग केलं. दाराशी शिंगरू उभं असतं. तिच्या आधीच पोचलेलं.

"आठ दिनमा परत आना," निघताना रोशनीने बजावलं. माझी गाडी केव्हाच चुकली होती.

रविवारी दुपारी मेहरूणला पोचलो. शालिनी गॅलरीतच होती. मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिने आधी पुठ्ठ्यावरून हात फिरवला, मग उघडलं. पहिल्याच पानावर जांभळा शिक्का, 'बाद', आणि खाली माझी आद्याक्षरं.

"हे तुम्ही केलंत?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, यादी, कपाटं, वाचकाकडे गेल्याची थाप, बारावा नंबर. शेवटी स्वतःची बाजू मांडावी म्हणून मागचं पान काढून दाखवलं. "हे बघ, सात-आठ वर्षं पट्टीवर एक शिक्का नाही. एकाही माणसाने नेलं नव्हतं. मी तरी काय करणार?"

ती पट्टीकडे बघत राहिली. "नेलं नव्हतंच," ती म्हणाली. "मी तिथेच बसून वाचायचे."

"केव्हा?"

"अण्णा अंथरुणावर होते तेव्हा."

अण्णा म्हणजे माझे वडील. अडीच वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. त्यांचं सगळं शालिनीच करायची. सकाळी त्यांचं आवरण्यात माझा डबा होत नसे, म्हणून दुपारी शेजारच्या अक्कांना अण्णांजवळ बसवून ती डबा घेऊन वाचनालयात यायची. कळण्याची भाकरी, ठेचा, एखादी भाजी. माझं जेवण होईपर्यंत बालविभागात खिडकीजवळ बसायची आणि रिकामा डबा घेऊन घरी जायची.

"घरी आणलं असतं तर वाचायला सवड कुठे होती?" ती म्हणाली. "तो अर्धा तास मिळायचा. कधी बाजारापर्यंत वाचून व्हायचं, कधी पूर्ण. पूर्ण झालं की दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. ते नसतं तर मी अण्णांवर ओरडले असते हो. एक-दोनदा ओरडलेही."

वाचनालयात बसून वाचलेल्या पुस्तकाची आमच्याकडे नोंद होत नाही. तशी पद्धतच नाही. अडीच वर्षं एक बाई माझ्यापासून वीस पावलांवर एकच पुस्तक वाचत होती आणि माझ्या लेखी त्या पुस्तकाला मागणी नव्हती. मला काय वाटत असे, तेही सांगून टाकतो. मला वाटायचं, ती माझ्यासाठी थांबते. नवरा नीट जेवतो की नाही हे बघायला. मी तर मुद्दाम सावकाश जेवायचो, तिला बरं वाटावं म्हणून. त्यातल्या त्यात तेवढं एक काम माझ्या हातून चांगलं झालं.

मी हे तिला सांगितलं तेव्हा ती हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत. मनीषा स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं आई रडतेय. मला हसू आलं नाही. मला फार लाज वाटली, आणि मी तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "असू द्या. सापडलं ना?" आणि वाचायला लागली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मंगळवारी सकाळी तिला आत नेताना तिने पुस्तक माझ्या हातात दिलं. शेवटाजवळ माझं साक्रीचं तिकीट घातलेलं होतं. "दहा पानं ठेवलीत," ती म्हणाली. "बाहेर आले की तुम्ही वाचून दाखवायची."

ऑपरेशन नीट झालं. काढलेली गाठ तपासायला पाठवली. रिपोर्ट बरा आला, पुढची औषधं झाली, केस गेले आणि परत आले, पुस्तक मी चार दिवस उशिरा साक्रीला पोचवलं आणि रोशनीचं बोलणं खाल्लं. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की रिपोर्टला आठ दिवस लागतील.

शालिनी शुद्धीवर आली, थोडं पाणी प्याली आणि डोळे मिटूनच म्हणाली, "वाचा."

मी खुर्ची जवळ ओढून वाचायला लागलो. मला भीती वाटत होती आणि मी भीतीने भराभर वाचत होतो. एक पान झालं, दुसरं सुरू झालं. तिने सुई टोचलेला हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला.

"थांबा," ती म्हणाली. "आठ दिवस पुरवायचंय."

मी मनातल्या मनात भागाकार केला. रोजचं सव्वा पान येत होतं. मी तिथेच तिकीट घालून पुस्तक मिटलं.